गिअर पडतो, गाडी हलत नाही

सातारा-सांगलीकडं ज्यांनी कधी वडापनं प्रवास केला आहे, त्यांना एक आवाज चांगला ओळखीचा असेल. (वडाप म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. वेळापत्रक नसलेली, भरली की सुटणारी, आणि आपण भरलो आहोत हे कधीच मान्य न करणारी खासगी जीप.) चालक क्लच सोडतो आणि गाडी पुढं सरकण्याआधी पोटाखालून ‘टण्ण’ असा आवाज येतो. मग गाडी निघते. चढावर गिअर बदलला की पुन्हा टण्ण. उतारावर पाय उचलला की पुन्हा. आत बसलेल्या चौदा-पंधरा माणसांपैकी कुणीही दचकत नाही. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात, तशी जुनी जीप वाजते, अशी सगळ्यांची समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. तो आवाज वयाचा नसतो. तो एका ठरावीक भागाच्या झिजेचा असतो, तो भाग शोधता येतो, आणि वेळेत शोधला नाही तर घाटात माणसं मरू शकतात. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध कर्जाचा आहे. आमच्या ग्रामीण शाखांमधून वाटलेल्या वाहनकर्जांचे हप्ते ज्या कारणांनी थकत, त्यात पाऊस न पडणं आणि मुलीचं लग्न यांच्या खालोखाल ‘गाडी उभी आहे’ हे कारण असे. आणि गाडी का उभी आहे हे बघायला जीपखाली वाकावं लागे.

आधी तो भाग काय आहे ते सांगतो. घरातल्या मिक्सरचं भांडं उचलून बघा. भांड्याच्या बुडाशी दात्यांची छोटी चकती असते आणि खाली मोटारीवर त्या दात्यांना सामावून घेणारं खाचांचं कपलर असतं. मोटार फिरते, खाचा दात्यांना ढकलतात, पातं फिरतं. ते कपलर झिजलं की काय होतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. मोटार घूंऽऽ करत फिरते आणि भांड्यातलं खोबरं जागच्या जागी बसून राहतं. जीपमध्ये हेच काम पोलादी दात्या-खाचांच्या जोड्या करतात. दांड्यावर लांबीच्या दिशेनं दाते कोरलेले असतात, आणि त्यावर बसणाऱ्या नळीच्या आत तितक्याच खाचा. इंग्रजीत त्याला स्प्लाईन म्हणतात, आणि आपल्याकडचे मिस्त्रीही तेच म्हणतात. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागं औषध फवारायचा ब्लोअर ज्या शाफ्टनं चालतो, त्यावर असेच सहा दाते असतात आणि तो मिनिटाला ५४० फेरे घेतो.

जीपमध्ये अशा जोड्या एक-दोन नव्हेत, बऱ्याच असतात. क्लचप्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर स्प्लाईननंच बसते. गिअरबॉक्सकडून पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतही त्या असतात, एक्सलच्या टोकांना असतात. पण सगळ्यांत कष्टाची जागा म्हणजे गाडीखालचा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यात चाक गेलं की एक्सल वर-खाली होतो, आणि त्याबरोबर गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर किंचित वाढतं, किंचित कमी होतं. दांडा अखंड असता तर तो वाकला तरी असता, नाहीतर त्यानं गिअरबॉक्सचं बेअरिंग तरी फोडलं असतं. म्हणून तो दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा दुसऱ्याच्या आत सरकतो, आणि सरकता सरकताच ताकदही पोचवतो. इंजिनाचा सगळा पीळ सोसायचा आणि वर आत-बाहेरही करत राहायचं, अशी ही दुहेरी नोकरी आहे. त्यात ही जोडी राहते गाडीच्या पोटाखाली, म्हणजे धूळ, चिखल आणि ओढ्याचं पाणी यांच्या शेजारात.

जीप आपल्याकडं आली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. महायुद्धात नावारूपाला आलेल्या अमेरिकी विलीज जीपची जुळणी महिंद्रा कंपनीनं मुंबईत माझगावला सुरू केली. खेड्यातल्या माणसाच्या लेखी जीप म्हणजे मामलेदार, फौजदार, बीडीओ. ती दिसली की पोरं मागं धावत आणि थोरं घरात जात. पुढं सरकारी खात्यांच्या लिलावांतून याच जीपा खासगी झाल्या, त्यांना लांबलचक बाकडी बसली आणि त्या वडापला लागल्या. नंतर कमांडर आणि ट्रॅक्स आल्या, पण त्यांतल्या बहुतेक मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या. कोयनेच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात एसटी जात नसे, तिथं चारही चाकं ओढणारी जुनी जीपच लागे.

अशाच एका जीपची गोष्ट सांगतो. १९९४ च्या सुमाराची. पाटण तालुक्यातला एक तरुण, लष्करातून लवकर परतलेला. लिलावातली जीप त्यानं दुसऱ्या मालकाकडून घेतली होती, आमच्या शाखेच्या कर्जावर. लघु वाहतूक व्यावसायिक या सदरात ते कर्ज बसलं होतं. वर्षभर हप्ते घड्याळासारखे आले. मग दोन चुकले, मग तीन. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर, १९९२-९३ पासून, बँकांना थकीत कर्जांची नवी वर्गवारी लागली होती आणि ‘अनुत्पादक’ हा शब्द आमच्या तोंडी नुकताच बसत होता. मी शेती आणि छोट्या कर्जांचा फील्ड ऑफिसर. गेलो.

जीप कराडला एका शेडमध्ये उभी होती. ती तिसऱ्या मिस्त्रीकडं आलेली होती. पहिल्यानं आवाज ऐकून क्लचप्लेट बदलली होती. दुसऱ्यानं शाफ्टच्या टोकांचे क्रॉस, म्हणजे सांधे, बदलले होते. दोघांनी मिळून चार-साडेचार हजार घेतले होते आणि आवाज होता तसाच होता. आता तर पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पोटात करकर वाजे, शाफ्टचा पुढचा तुकडा फिरे आणि गाडी जागची हलत नसे. या दोन मिस्त्र्यांना मी लबाड म्हणणार नाही. आवाज एकच असतो आणि तो काढणारे भाग अनेक असतात. क्लचपासून मागच्या डिफ्रन्शियलपर्यंत कुठंही ढील असली तरी कानाला टण्णच ऐकू येतं. त्यांनी अंदाज केला, आणि अंदाज जिथं संपतो तिथं गिऱ्हाइकाचं बिल सुरू होतं.

तिसरा मिस्त्री साठीचा होता. त्यानं इंजिन चालूही केलं नाही. सपाट जागेवर जीप आणली, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गिअर न्यूट्रलला घेतला आणि शाळेतला खडू घेऊन खाली शिरला. गिअरबॉक्सच्या टोकापासून डिफ्रन्शियलपर्यंत, प्रत्येक जोडावरून त्यानं एक सरळ रेघ ओढली. मग पोऱ्याला मागचा भाग घट्ट धरायला सांगून पुढचा भाग हातानं डावी-उजवीकडं पिळला. असं एकेक जोड करत गेला. क्रॉसवरची रेघ अखंड राहिली. ते नवेच होते. पेटीच्या टोकावरची जवळजवळ अखंड. मधल्या सरकत्या जोडावर मात्र रेघेचे दोन तुकडे झाले आणि एकमेकांपासून बोटभर लांब गेले.

“हितं बघा साहेब, रेघ हितं तुटली,” तो म्हणाला. “बाकी समदं ठीक हाय.”

मी वाकून पाहिलं. त्या जोडाच्या तोंडाशी तांबूस, कोकोच्या पुडीसारखी भुकटी जमली होती. ते गंजच, पण पाण्यानं चढलेलं नव्हे. दोन पोलादी अंगं ग्रीसशिवाय एकमेकांवर अगदी बारीक-बारीक घासत राहिली की त्यांचे कण सुटतात, हवेत तांबडे होतात, आणि मग तेच कण पॉलिश पेपरसारखे उरलेल्या दात्यांना खाऊ लागतात. ग्रीस भरायचं निपल तिथं होतं, पण आधीच्या कुण्या मालकाच्या काळात त्यावर रंगाचा हात मारला गेला होता आणि वर चिखलाचा थर बसला होता. किती वर्षं त्यातून ग्रीस आत गेलं नव्हतं, देव जाणे. जोड सोडवल्यावर दाते दिसले. मूळचे चौकोनी माथ्याचे दाते एका अंगानं खात खात करवतीच्या दात्यांसारखे टोकदार झाले होते, आणि मधल्या भागात तर पार सपाट. या दात्यांचं वरचं कातडं मुद्दाम कडक केलेलं असतं, आतला गाभा त्यामानानं मऊ. कातडं टिकतं तोवर झीज मुंगीच्या पावलानं चालते. ते एकदा गेलं की गाभा भराभर जातो. म्हणून मालक म्हणतो, ‘वर्षभर नुसतं वाजत होतं आणि एका आठवड्यात गेलं.’ खरंच तसं होतं.

त्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट कळली, आणि ती सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहितो आहे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्समागच्या पेटीवर, शाफ्टच्या सुरुवातीला एका ड्रमवर असतो. म्हणजे हँडब्रेक ओढल्यावर शाफ्ट धरला जातो, आणि शाफ्टमार्फत चाकं. मधली स्प्लाईन गेली असेल तर हँडब्रेक कितीही ओढा, तो चाकांपर्यंत पोचतच नाही. उतारावर गाडी लावून चालक चहाला गेला आणि जीप आपोआप निघाली, असे अपघात ज्यांनी ऐकले असतील त्यांनी याचा विचार करावा. दुसरं, घाट उतरताना जाणता चालक ब्रेकवर विसंबत नाही, खालच्या गिअरवर इंजिनाच्या ओढीनं गाडी धरून ठेवतो. कुंभार्ली असो की पसरणी, सगळे तेच करतात. ती ओढही याच दात्यांतून जाते. ऐन उतारावर दाते सुटले तर पायाचा ब्रेक तेवढा उरतो, आणि पंधरा माणसांच्या वजनाखाली तो तापला की त्याचाही भरवसा नाही.

मालकानं मिस्त्रीला विचारलं, “वेल्डिंग मारून दोन्ही तुकडे जाम केले तर?” प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, गरिबीचा होता. शे-दोनशे रुपयांत गाडी त्याच दिवशी रस्त्यावर आली असती. असे जाम केलेले शाफ्ट मी पुढं कितीतरी पाहिले. पण सरकायची सोय बंद केली की खड्ड्याचा प्रत्येक धक्का सरळ गिअरबॉक्सवर आणि डिफ्रन्शियलवर जातो. आज वाचवलेल्या पैशांच्या वीसपट खर्च दोन महिन्यांत उभा राहतो. दुसरी युक्ती म्हणजे दात्यांवर पंच मारून ते फुगवायचे, म्हणजे जोड घट्ट लागतो. गाडी विकायची असेल तेव्हा हे करतात. दोन्हींना मिस्त्रीनं नकार दिला. “तुमची तुम्ही चालवणार असता तर बघितलं असतं,” तो म्हणाला, “मागं माणसं बसत्यात.”

पण त्यानं एक केलं. मागचा शाफ्ट पूर्ण काढून ठेवला आणि पुढच्या चाकांचा गिअर टाकून दिला. चारचाकी ओढीच्या जीपची ही मोठी सोय आहे. मागचा मार्ग बंद पडला तरी ती पुढच्या चाकांवर घरी जाते. रिकामी घेऊन जा आणि पैशांची सोय होईतो प्रवासी भरू नकोस, अशी तंबी देऊन.

पैशांची सोय हा भाग माझा होता, आणि तो बँकेच्या कागदात कुठंच बसत नव्हता. गाडी विकत घ्यायला कर्ज होतं. गाडी दुरुस्त करायला नव्हतं. दोन अडीच हजारांसाठी साठ हजारांचं तारण उभं राहून गंजणार होतं, आणि ते गंजत असताना आमच्या हिशेबात मात्र दरवर्षी ठरलेल्या टक्क्यानं त्याचा घसारा पडत राहणार होता. घसारा हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. मूळ अर्थानं तो घासण्याचाच शब्द आहे. पण वहीतला घसारा सगळ्या गाडीवर सारखा पसरतो आणि खरी झीज वीतभर जागेत असते. बाकीची जीप आणखी दहा वर्षं चालली असती. मी वर टिपण पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. शेवटी त्याच्या बायकोनं पतसंस्थेत कानातलं ठेवलं. हप्ते पुढच्याच महिन्यापासून सुरू झाले.

आज मुद्रा आहे, आणखी पुष्कळ योजना आहेत. तरीही छोट्या वाहनधारकाला दुरुस्तीसाठी, वेळेत आणि सोन्याशिवाय, कर्ज मिळणं सोपं झालं आहे असं मला दिसत नाही. नवी गाडी घ्या, दारात येऊन कागद करतात.

आता दुरुस्तीबद्दल. नवा सुटा भाग मिळत असेल तर तोच घ्यावा, आणि जोडीनं घ्यावा. नव्या दांड्यावर जुनी नळी बसवली की नवे दातेही जुन्या झिजेच्या वळणानं जातात. भाग मिळत नसेल तर मात्र आपला मुलूख नशीबवान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, साताऱ्यात धनजीशा कूपरांनी नांगर आणि इंजिनं केली (पुढं १९३७ साली हेच कूपर काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते), आणि सांगलीत वालचंद महाविद्यालय १९४७ पासून इंजिनिअर घडवतं आहे. या सगळ्याच्या सावलीत कुपवाड-मिरजेकडं, कराडकडं लहान-लहान वर्कशॉपं वाढली. तिथला मिलिंगवाला ईएन-८ किंवा ईएन-२४ पोलादाचा गोल घेऊन त्यावर नवे दाते काढून देतो. काम बघण्यासारखं असतं. विभाजनाच्या डोक्याचा हात चाळीस वेळा फिरवला की दांडा एकदा पूर्ण फिरतो. दहा दाते हवे असतील तर प्रत्येक खाचेनंतर हात बरोबर चार फेरे फिरवायचा. सहा हवे असतील तर सहा फेरे आणि दोन तृतीयांश, मग भोकांची तबकडी लावून मोजायचं. मोजणीत एकदा लक्ष गेलं की शेवटचा दाता जाड नाहीतर बारीक येतो आणि सगळा दांडा भंगारात. खाचा काढून झाल्यावर उष्णतेची प्रक्रिया करून तो कडक करावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी पैसे वाचवण्यासाठी गाळली जाते. दिसायला दोन्ही दांडे सारखेच असतात. झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा कोरणं, हा मधला मार्ग मी तरी प्रवासी गाडीला सुचवणार नाही. उष्णतेनं मूळ पोलादाची कमावलेली ताकद जाते आणि थराच्या कडेला तडा धरतो. आणि दाते झिजलेले नसून जिलबीसारखे पिळलेले दिसले, तर चर्चाच नको. त्या दांड्यानं सोसायची हद्द ओलांडलेली असते.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा मिलिंगवाला ओळखीचा वाटेल. तिथंही तारेनं घासून घोडीवर खाच पडते, नाद बसतो, आणि कारागीर कानानं झीज शोधून ती जागा पुन्हा घासून देतो.

गेल्या काही वर्षांत जीपला नवे मालक मिळाले आहेत. शनिवार-रविवारी सह्याद्रीच्या आडवाटांवर नव्या थार आणि जुन्या एमएम ५४० घेऊन जाणारी तरुण मंडळी. मला त्यांचं कौतुक आहे, निदान ती गाडीखाली वाकतात. एक तक्रार मात्र आहे. जाड टायर आणि उंच केलेलं सस्पेन्शन ही त्यांची पहिली खरेदी असते. गाडी उंच केली की एक्सल शाफ्टपासून लांब जातो, सरकता जोड बाहेर ओढला जातो, आणि जे काम चार इंच दाते करत होते ते अडीच इंचांवर येतं. वर मोठ्या टायरचा भार. मग वर्षभरात टण्ण सुरू झालं की कंपनीला शिव्या! उंची वाढवायची तर शाफ्टही त्या मापाचा करून घ्यावा, एवढं साधं आहे.

दुसरी तक्रार आपल्या सगळ्यांच्या एका आवडत्या शब्दाबद्दल. २०२१ च्या अखेरीस कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावात (यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव) एका कारागिरानं भंगारातल्या भागांतून लहानशी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. सगळ्यांनी त्याला ‘जुगाड’ म्हटलं. मला तो शब्द अपुरा वाटतो. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र चालवायचे तर एकाच्या खाचांत दुसऱ्याचे दाते बसले पाहिजेत, आणि ते आपोआप बसत नाहीत. जाम केलेला शाफ्ट हा जुगाड. ती गाडी कारागिरी होती. दोन्हींना एकच शब्द वापरला की पहिल्याला दुसऱ्याची अब्रू मिळते.

तेव्हा तुमच्या जीपचा, ट्रॅक्टरचा टण्ण सुरू झाला असेल तर गॅरेजात जाताना खिशात खडू ठेवा. कुठलाही भाग बदलायच्या आधी रेघ ओढून बघायला सांगा. डिफ्रन्शियलच्या दात्यांत थोडी ढील असावीच लागते, तेवढ्यावरून ते उघडू देऊ नका. जोड सोडवायच्या आधी दोन्ही तुकड्यांवरचे बाण किंवा खुणा बघून ठेवा, नसतील तर स्वतः करा. एका दात्याचा फरक पडला तरी शाफ्ट वेगात थरथरतो. पावसाळा संपल्यावर, आणि ओढ्यातून गाडी घातली असेल तर त्याच आठवड्यात, निपल पुसून नवं ग्रीस भरा, जुनं काळं बाहेर येईपर्यंत. आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. रॉकेलनं धुवा आणि दात्याच्या कडेवरून लांबीच्या दिशेनं नख फिरवा. जिथं नळी कधी पोचलीच नव्हती ती कोरी जागा आणि झिजलेली जागा यांच्या मध्ये पायरी असेल, तर नख तिथं अडकतं.